निवृत्तीनंतरचे दोन हिशेब

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मोठ्या मामूंचा फोन आला. "बेटी, जरा घरी येऊन जा. मोबाईलवर इन्कम टॅक्सवाल्यांचा मेसेज आलाय. तुझ्या मुमानीला काही सांगू नकोस."

मामू झेडपीच्या उर्दू शाळेतून २०१५ साली हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. चाळीस वर्षांत शाळेच्या खात्यातला एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, असा माणूस. मी गेले तेव्हा ते पांढराफटक चेहरा करून बसले होते. समोर बँकेची पासबुके, पेन्शनचे कागद आणि एक जुनी डायरी. डायरीत दर रमजानचा जकातीचा हिसाब होता. किती रक्कम, किती सोने, किती जकात निघाली, कोणाकोणाला दिली, सगळे नीट अक्षरात. टॅक्सच्या हिसाबाचे मात्र एकही पान नव्हते.

मेसेज २०२२-२३ या आर्थिक वर्षाबद्दल होता. मामूंच्या नावावर बँकेतल्या ठेवींचे १,९०,००० रुपये व्याज दिसते आहे आणि त्या वर्षाचे विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, भरलेले नाही, एवढेच त्यात म्हटले होते.

"मामू, हे व्याज तुम्ही दाखवलं नव्हतं?"

मामू म्हणाले, "वो पैसा अपना नैच है, तो हिसाब में कायको धरूं?"

त्यांचे म्हणणे त्यांच्या परीने प्रामाणिक होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे सुरक्षित राहावेत म्हणून त्यांनी सुमारे तीस लाख रुपये बँकेत ठेवले. त्यावर येणारे व्याज त्यांनी कधी घरात आणले नाही. उलेमांनी सांगितल्याप्रमाणे सवाबची नियत न ठेवता ते गरजू रुग्णांच्या औषधपाण्याला देऊन टाकत. जो पैसा आपला नाही, तो आपले उत्पन्न कसा, असा त्यांचा सरळ हिसाब. शिवाय दर एप्रिलला बँकेत एक फॉर्म पुढे यायचा आणि मामू त्यावर सही करायचे. तो होता १५-एच. "माझ्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, म्हणून व्याजातून टीडीएस कापू नका," असे त्यात आपणच लिहून देत असतो. मामूंनी तो कधी वाचलाच नव्हता.

आम्ही दोघे हिसाबाला बसलो. त्या वर्षीची पेन्शन महिना ३८,००० प्रमाणे ४,५६,०००. त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ४,०६,०००. नुसत्या पेन्शनवर कर शून्यच होता, कारण जुन्या करपद्धतीत पाच लाखांपर्यंत सूट मिळते. पण व्याजाचे १,९०,००० मिळवले आणि ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर मिळणारी ५०,००० ची वजावट काढली, तर रक्कम झाली ५,४६,०००. पाच लाखांची रेघ ओलांडली की सूट पूर्ण जाते. कर बसला १९,२०० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून १९,९६८ रुपये. वेळ निघून गेल्यामुळे अद्ययावत विवरणपत्र भरावे लागले. कर, उशिराचे व्याज, पाच हजारांची फी आणि पंचवीस टक्के जादा कर मिळून रक्कम पस्तीस हजारांच्या घरात गेली.

चलन भरून झाल्यावर मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आयुष्यभर व्याज खाल्लं नाही, आणि आता भरावं लागलं."

त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला. मी स्वतः शिक्षिका आहे, वय ४४. आपल्या घरांत जकातीचा हिसाब काटेकोर असतो आणि टॅक्सचा हिसाब "बघू नंतर" असतो. निवृत्तीनंतर हे दोन्ही हिसाब शेजारी शेजारी ठेवावे लागतात. यंदा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आहे आणि मार्चअखेरीस आर्थिक वर्ष संपते. दोन्ही वह्या एकदमच उघडायला ही चांगली वेळ आहे. खाली दिलेले कराचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून मी कलमे मुद्दामच दिलेली नाहीत.

दोन हिसाबांत फरक काय?

आयकर वर्षभरात आलेल्या उत्पन्नावर असतो. जकात चांद्रवर्षभर आपल्याकडे राहिलेल्या मालावर असते. एवढा एक फरक ध्यानात ठेवला की बाकीचे समजायला सोपे जाते.

निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळणारा पैसा बहुतांशी करमुक्त असतो. पण तो बँकेत पडून राहिला, निसाबाइतका असला आणि वर्ष उलटले, की त्यावर जकात निघते. उलट दर महिन्याची पेन्शन करपात्र असते, पण ती घरखर्चात संपत असेल तर तिच्यावर जकात नाही. म्हणजे जिथे सरकार काही मागत नाही तिथे जकात आहे, आणि जिथे जकात नाही तिथे सरकार मागते. एक हिसाब केला म्हणून दुसरा झाला, असे होत नाही.

मामूंचेच उदाहरण घ्या. तीस लाख मुद्दलावर अडीच टक्क्यांनी ७५,००० रुपये जकात निघते. ती दिली म्हणून करपात्र उत्पन्न ७५,००० नी कमी होत नाही. देणगीची सवलत फक्त जुन्या करपद्धतीत आहे, तीही ८०-जी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर, आणि दोन हजारांच्या वर रोख दिले तर तीही नाही. शेजारच्या बेवा बाईच्या हातात दिलेल्या जकातीची पावती अल्लाहकडे आहे, आयकर खात्याकडे नाही.

एकरकमी पैशावर कर किती?

ग्रॅच्युइटी: राज्य किंवा केंद्र सरकार, झेडपी, नगरपालिका यांच्या कर्मचाऱ्यांना ती पूर्ण करमुक्त आहे. खासगी नोकरीत करमाफीची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. खासगी संस्थेच्या शाळेत, मग ती अनुदानित असली तरी, ही मर्यादा आपल्याला आहे असे धरूनच चालावे.

पेन्शनविक्री, म्हणजे अंशराशीकरण: पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. राज्य शासनात ही मर्यादा ४० टक्के आहे आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. सरकारी, झेडपी आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांना ही रक्कम पूर्ण करमुक्त आहे. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर एक तृतीयांश पेन्शनच्या विक्रीची रक्कम, आणि मिळाली नसेल तर निम्म्या पेन्शनची, करमुक्त धरतात.

रजेचा पगार: राज्य आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त. इतरांना १ एप्रिल २०२३ पासून २५ लाखांपर्यंत.

भविष्य निर्वाह निधी: सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावर काढलेली पीएफची रक्कम साधारणपणे करमुक्त असते. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवरची वाढ व्याज धरायची की नाही, यावर आपल्याकडच्या अनेक उलेमांचे मत असे आहे की ती नोकरीच्या मोबदल्याचाच भाग आहे, आणि जकातही रक्कम हातात आल्यानंतरच लागू होते. स्वतःहून जादा कापून घेतलेल्या रकमेबाबत मतभेद आहेत. आपल्या मसलकच्या मुफ्तींना कागद दाखवून विचारावे. ऐकीव मसल्यावर लाखांचे निर्णय घेऊ नयेत.

दर महिन्याच्या पेन्शनवर कर

पेन्शन ही पगारच समजली जाते. नव्या करपद्धतीत त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, जुन्या पद्धतीत ५०,००० ची. नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत दर वाढतो. मात्र एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो.

आता मामूंचा यंदाचा हिसाब बघा. पेन्शन महिना ४२,००० प्रमाणे ५,०४,०००. व्याज २,००,०००. एकूण ७,०४,०००. नव्या पद्धतीत ७५,००० वजा करून ६,२९,००० उरतात आणि कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट आणि व्याजावरची ५०,००० वजावट काढून ६,०४,००० उरतात, आणि कर उपकरासह ३२,०३२ रुपये बसतो. एकाच माणसाचे, एकाच वर्षाचे उत्पन्न. फक्त पद्धत वेगळी. म्हणून दोन्ही पद्धतींनी हिसाब मांडून बघावा. आता काही निवड केली नाही तर आपोआप नवी पद्धत धरली जाते.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. "बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे रिटर्नही नाही." तसे नाही. नव्या पद्धतीत उत्पन्न चार लाखांच्या वर गेले, की कर शून्य असला तरी रिटर्न भरायचे असते. ७५ वर्षांवरील ज्यांना फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतले व्याज आहे, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. त्यांनी बँकेत लेखी घोषणापत्र द्यायचे आणि बँकच कर कापून घेते.

बँकेच्या व्याजावर साठ वर्षांवरील व्यक्तीला वर्षाला एक लाखाच्या वर व्याज झाले तर टीडीएस कापतात. इतरांना ही मर्यादा ५०,००० आहे. कर खरोखरच शून्य निघत असेल तर १५-एच द्यायला हरकत नाही. पण आधी हिसाब आणि मग सही, हा क्रम ठेवावा.

आणि मामूंचा मूळ सवाल? व्याज आपण वापरत नाही, सगळे देऊन टाकतो, तरी ते उत्पन्नात धरायचे का? हो, धरायचे. पैसा कोणाच्या नावावर जमा झाला, एवढेच कायदा पाहतो. तो पुढे कुठे गेला हे पाहत नाही. बँक ही माहिती खात्याला कळवतेच, आणि आयकराच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात ती आपल्यालाही दिसते. ते विवरण वर्षातून एकदा तरी मुलाकडून किंवा नातीकडून उघडून घ्यावे.

व्याज नको, तर पैसा ठेवायचा कुठे?

हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये नेहमी विचारला जातो. पैसा नुसता पडून राहिला तर काय होते तेही बघू. तीस लाखांतून दरसाल अडीच टक्के जकात निघत गेली आणि वाढ काहीच नसेल, तर दहा वर्षांनी साधारण सव्वातेवीस लाख उरतात. वर महागाई आहेच. जकात ही इबादत आहे, तिची तक्रार नाही. पण माल फिरता ठेवावा, कामाला लावावा, हे त्यातूनच कळते.

पहिला मार्ग भाड्याचा. आपल्या घरांत हा सर्वांत जुना आणि समजायला सोपा. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. महिना १०,००० भाडे, घरपट्टी ६,००० असेल, तर १,२०,००० पैकी ७९,८०० रुपयेच करपात्र ठरतात. राहत्या घरावर आणि भाड्याच्या घराच्या किमतीवर जकात नाही. शिल्लक राहिलेल्या भाड्यावर आहे. पण अडीअडचणीला घराची एक खोली विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरा मार्ग शेअर आणि म्युच्युअल फंडांचा. शरियतच्या कसोट्या लावून कंपन्या निवडणारे फंड आपल्याकडे आहेत. टाटा एथिकल फंड १९९६ पासून आहे, आणि निफ्टीचा शरिया निर्देशांकही आहे. यात व्याज टळते, जोखीम टळत नाही. बाजार पडला तर मुद्दल कमी होते, म्हणून पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा इथे नको. वर्षापेक्षा जास्त काळ ठेवून विकले तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि बारा लाखांची ती सूट या नफ्याला मिळत नाही.

तिसरे सोने. चोवीस महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. जकातीत साठवलेले सोने धरायचेच. वापरातल्या दागिन्यांबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, आणि आपल्या कोकणात शाफई घरे पुष्कळ आहेत. ज्याने त्याने आपल्या फिकहप्रमाणे करावे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना, बँकेच्या मुदत ठेवी या व्याजाच्याच आहेत, हे उघड आहे. काही जण मामूंसारखे केवळ सुरक्षिततेसाठी तिथे पैसे ठेवतात. तो ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न आहे. मात्र ठेवले तर व्याज दाखवायचेच.

आणि जावयाच्या ओळखीच्या "हलाल स्कीम"मध्ये, महिन्याला ठरावीक मोठ्या नफ्याच्या वायद्यावर, निवृत्तीचा पैसा घालू नये. ठरावीक नफ्याची हमी देणारा व्यापार शरियतच्या कसोटीवरही उतरत नाही आणि कायद्याच्याही.

ज्यांना पेन्शन नाही

मामूंना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आहे. मला ती नाही. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मी २००६ ची. माझ्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कापले जातात, चौदा टक्के शासन घालते. निवृत्तीला ६० टक्के रक्कम करमुक्त हातात आणि ४० टक्क्यांची वार्षिकी. समजा पन्नास लाख जमले, तर तीस लाख हातात आणि वीस लाखांवर सहा टक्क्यांनी महिना दहा हजार, तेही करपात्र. २०२४ मध्ये शासनाने सुधारित योजनेचे पर्याय जाहीर केले आहेत. माझ्यासारख्या प्रत्येकाने ते कागद स्वतः वाचून, मुदतीत निर्णय घ्यावा.

आणि ज्यांना एवढेही नाही? यंत्रमागावर बसणारा, शिलाईवाली आपा, गॅरेजवाला, रिक्षावाला. आपल्या मोहल्ल्यात हीच घरे जास्त. १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना आहे; महिन्याचे उत्पन्न १५,००० पर्यंत असावे लागते, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे आणि साठीनंतर महिना ३,००० मिळतात. अटल पेन्शन योजनेत १,००० ते ५,००० मिळतात, पण आयकर भरणाऱ्याला त्यात आता प्रवेश नाही. या रकमा फार मोठ्या नाहीत. पण साठीच्या बाईच्या हातात दर महिन्याला स्वतःचे तीन हजार येणे आणि दर वेळी सुनेकडे हात पसरणे, यात फरक आहे.

आखातातून परतणाऱ्यांसाठी एक सूचना. एनआरई खात्यावरची करमाफी तुम्ही परदेशी राहत असेपर्यंतच आहे. कायमचे परत आलात की बँकेला कळवून खाते बदलून घ्यायचे असते. कोकणातली अनेक घरे इथेच चुकतात.

मुमानीचे काय?

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. मामूंनी मेसेज मुमानीपासून लपवला. पण उद्या मामू नसतील तेव्हा बँकेत कोण जाणार? कुटुंबनिवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के असते. म्हणजे पन्नासचे तीस होतात. त्यावरही कर आहे, फक्त त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती वजावट नव्या पद्धतीत मिळते.

बँकेतले नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनीने पैसे घ्यायचे आणि वारसांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे द्यायचे. आपल्याकडे बेवाचा हिस्सा औलाद असेल तर आठवा, नसेल तर चौथा. कर्ज आणि दफनविधीचा खर्च जाऊन उरलेल्या मालाच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते, आणि वारसाच्या नावे केली तर बाकी वारसांची रजामंदी लागते. बायकोला जास्त सुरक्षित ठेवायचे असेल तर हयातीतच, ताबा देऊन, हिबा करता येतो. आठव्या हिश्श्यावर म्हातारपण निघत नाही, हे नवऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत विचारात घ्यावे.

या महिन्यात करायची कामे

१. सगळी खाती, ठेवी, पीएफ, विमा एका वहीत लिहा; प्रत्येकापुढे नॉमिनीचे नाव.
२. वार्षिक माहिती विवरण उघडून व्याजाची रक्कम पासबुकाशी ताडून बघा.
३. दोन्ही करपद्धतींनी हिसाब मांडा.
४. जकातीची चांद्र तारीख आणि रिटर्नची तारीख, दोन्ही वहीत लिहा.
५. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा. एकरकमी पैशातून लग्न, बांधकाम आणि मुलाचे दुकान एकाच वर्षात काढू नका. हजची रक्कम आधी बाजूला काढा.
६. ही वही बायकोला किंवा नवऱ्याला वाचून दाखवा.

मामूंनी मागच्या रमजानपासून डायरीत एक नवे पान सुरू केले. डाव्या बाजूला जकात, उजव्या बाजूला टॅक्स. परवा गेले तेव्हा पान उघडे होते आणि चष्मा लावून मुमानी त्यातले आकडे मोठ्याने वाचत होत्या. एका ठिकाणी थांबून त्या म्हणाल्या, "इथे बेरीज चुकलीय." मामूंनी पुन्हा केली. खरेच चुकली होती.